गुरांचे कोठीपोट आणि दुष्काळातील वैरण
(धरमतर येथे व्यापारी, जमीनधारक व दाते यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



दुष्काळनिवारणाच्या सभेत वर्गणीची गोष्ट निघावी, धान्याचे भाव निघावेत, पाण्याची तजवीज निघावी, हे रीतीस धरून आहे. गाईच्या पोटावर व्याख्यान ठेवणे मात्र पुष्कळांस विचित्र वाटेल. तथापि समितीने हा विषय मुद्दाम मागून घेतला, आणि तो योग्यच मागितला असे माझे मत आहे. दुष्काळात जनावरे भुकेने मरतात हे सर्वांस ठाऊक असते. चांगल्या हेतूने पुढे टाकलेल्या अन्नानेही ती मरतात, हे थोड्यांस ठाऊक असते. आपला पैसा, आपला पेंढा व आपली गाडी ज्या पोटाकरिता घाट चढून जावयाची, ते पोट चालते कसे हे कळल्यावाचून या दानाचा हिशेब पुरा होणार नाही.

जनावर वाचविण्याची निकड केवळ दयेची नव्हे. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्यास संवत् १९५६ वरून छपन्नाचा दुष्काळ म्हणतात, मुंबई इलाख्यात व विशेषेकरून गुजरातेत गुरांचा भयंकर संहार झाला. पुढे पाऊस पडला. परंतु ज्याच्या दावणीचे बैल गेले त्याला त्या पावसाचा उपयोग काय? माणसाला सरकारी कामावर मजुरी मिळू शकते, तो गाव सोडून पोट भरू शकतो. बैल गेला की शेतकऱ्याचे भांडवलच गेले, आणि पुढची दोन-तीन वर्षे सावकाराच्या दारी गेली. आज ट्रॅक्टर आले आहेत हे खरे. परंतु माण, आटपाडी, सांगोले या बाजूच्या लहान शेतकऱ्याच्या घरी दुभती गाय व खिल्लार जोडी हीच अद्याप बँक आहे.

आता आपल्या धरमतरास या गोष्टीशी काय कर्तव्य, तेही सांगतो. अंबा नदी नागोठण्याकडून येऊन येथे खाडीस मिळते. एके काळी मुंबईच्या आगबोटी येथे लागत, आणि पेण, अलिबाग, रोहे या बाजूचा उतारू व माल येथूनच जाई. हल्ली या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याकरिता कोळशाच्या व खनिजाच्या बार्जी चालतात. परंतु पेण, वडखळ, पोयनाड या खारेपाटाचे मूळ पीक भात. आणि भात म्हटले की झोडणीनंतर खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या आल्याच. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटापलीकडे माणदेशात त्याच्या पाचव्या हिश्शाएवढाही कित्येक वर्षी पडत नाही. पेण-खोपोली रस्त्याने बोरघाट चढला की एका दिवसात आपला पेंढा त्या मुलखात पोचतो. आपणाजवळ जे अतोनात आहे तेच त्यांच्याजवळ नाही, असा हा सरळ व्यवहार दिसतो. तो दिसतो तितका सरळ नाही, आणि अडचण आहे ती गुरांच्या पोटात आहे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटास चार कप्पे असतात. आपल्या पशुवैद्यांनी त्यांस दिलेली नावे मला आवडतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचे खरे पोट. माणसाच्या जठराशी ज्याचे साम्य आहे ते हे चौथे. पहिले तिन्ही पाचक रस गाळीत नाहीत. त्यांतील कोठीपोट हे डाव्या कुशीचा बहुतेक भाग व्यापून असते, आणि मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. नाव कोठी असले तरी ती नुसती साठवणीची वखार नव्हे. ती आंबवणीची कोठी आहे.

गाईस वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवत वेढून ओढते, जेमतेम चावते व गिळून टाकते. पुढे निवांत बसली की तोच माल घासाघासाने तोंडात परत आणून सावकाश दळते. यास आपण रवंथ म्हणतो. चांगले चरलेले जनावर दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. या दळणात लाळ सुटते ती थोडीथोडकी नव्हे. मोठ्या गाईची लाळ दिवसाला शंभर लिटरपर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक भरते. त्या लाळेत आपल्या स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्याचाच क्षार असतो. कोठीपोटात सतत उत्पन्न होणारे आम्ल या क्षाराने मारले जाते. रवंथ थांबली की लाळ थांबते, लाळ थांबली की आम्ल चढते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावरच पुष्कळ अवलंबून आहे.

परंतु गवत पचविते कोण? गाय नव्हे. गवताच्या काडीचा मुख्य भाग म्हणजे तूस. त्यास फोडणारा रस गाईच्या शरीरात मुळीच तयार होत नाही; त्या बाबतीत गाय आपल्याइतकीच असमर्थ आहे. १८४३ साली पॅरिस येथे ग्रुबी व डेलाफोन या दोघांनी कोठीपोटातील रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात सजीव प्राणी पोहताना दिसले. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी तूस फोडणारे जंतू हवाबंद नळ्यांत वाढवून दाखविले. त्या रसाच्या एका मिलिलिटरात सुमारे हजार कोटी जंतू व शिवाय लाखो आदिजीव असतात. हे जंतू काडीस चिकटतात, तिला फोडतात व स्वतः वाढतात. त्या खटाटोपात त्यांच्याकडून जी आम्ले बाहेर पडतात, मुख्यत्वे शिर्क्यातले आम्ल व त्याच्या जातीची आणखी दोन, ती कोठीच्या भिंतीतून गाईच्या रक्तात जातात. १९४४ साली केंब्रिज येथे बारक्रॉफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मेंढीवर सिद्ध केले. गाईच्या अंगात जी शक्ती येते तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग या आम्लांचा असतो. आणि वाढलेले जंतू स्वतः पुढे वाहत चौथ्या पोटात गेले की तेथे मारले व पचविले जातात. तेच गाईचे मांसपोषक अन्न.

म्हणजे गृहस्थहो, आपण गव्हाणीत जे टाकतो ते गाईस टाकीत नाही. ते कोठीतल्या कुळांस टाकतो. कुळे पोसली तर त्यांच्या खंडावर गाय जगते. येथे जमीनधारक मंडळी बसली आहेत, त्यांस हा दृष्टांत अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. ज्या खोताने दुष्काळी साली कुळाचे बियाणेही उचलून नेले, त्याच्या हाती पुढच्या साली काय आले, हे खारेपाटाने पाहिले आहे.

घोड्याचे तसे नाही. त्याची आंबवणी आतड्याच्या शेवटल्या भागात, म्हणजे खरे जठर मागे पडल्यावर होते; जंतू शेणावाटे फुकट जातात. म्हणून घोड्यास चंदी लागते आणि गाय निकृष्ट काडीवर तग धरते. गाईच्या काटकसरीचा आणखी एक प्रकार व्यापारी मंडळींस रुचेल. जो नत्र माणसाच्या मूत्रातून वाहून जातो, त्याचा काही भाग उपाशी गाय लाळेतून पुन्हा कोठीपोटात आणते व जंतूंस पुरविते. खर्ची पडलेला माल पुन्हा भांडवलात धरण्याची ही युक्ती आहे.

आता दुष्काळ या कोठीचे काय करतो ते पाहू. चारा तुटला की प्रथम जंतू उपाशी पडतात व झपाट्याने कमी होतात. कोठीची भिंत ज्या बारीक अंकुरांनी आम्ले शोषते ते अंकुर आखडतात. कोठीचे ढवळणे मंदावते. निरोगी जनावराच्या डाव्या भकाळीवर मूठ ठेवली तर मिनिटास एक-दोन वेळा ती आतून उचलल्यासारखी वाटते. भुकेल्या जनावरात ती उचल लागत नाही. असे जनावर छावणीत येते तेव्हा त्याचे डोळे खोल गेलेले असतात, ते माती चाटते, चिंध्या व प्लॅस्टिकच्या पिशव्या चघळते. त्यास पाहून कोणाचेही मन द्रवेल. आणि नेमक्या याच ठिकाणी घात होतो. कोणी दयाळू गृहस्थ ज्वारीचे पोते सोडतो, कोणी मक्याचा भरडा, कोणी लग्नघरचा उरलेला भात व पोळ्या. जनावर अधाशासारखे खाते आणि दाता समाधानाने घरी जातो.

धान्यातला पिष्ट पदार्थ काडीसारखा सावकाश आंबत नाही. तूस फोडणारे जंतू मागे पडून दुसऱ्याच जातीचे जंतू काही तासांत बेसुमार वाढतात आणि दह्यात असते तेच आम्ल कोठीत साचू लागते. धान्यास रवंथ लागत नाही. सबब लाळही येत नाही. आम्ल मारणारा क्षार कोठून यावा? कोठीतील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की उरलेसुरले चांगले जंतू मरतात, अंगातले पाणी कोठीत ओढले जाते, आम्ल रक्तात उतरते. जनावर झिंगल्यासारखे चालते, दात खाते, आंबूस वासाचे पातळ शेण टाकते, आडवे होते आणि एक-दोन दिवसांत मरते. लोक म्हणतात, उशीर झाला होता, भुकेनेच मेले. भुकेने नव्हे, अर्ध्या पाटीभर धान्याने मेले.

या बाबतीत माझे मत मी लपवीत नाही. छावणीकडे परस्पर धान्य व शिजलेले अन्न पाठविणे हे दान नव्हे. पाठवावयाचेच असेल तर ते छावणीच्या पशुवैद्याच्या ताब्यात द्यावे, आणि ते जनावरापुढे केव्हा व किती जावे हे त्यानेच ठरवावे. खंगलेल्या जनावरास पहिले काही दिवस स्वच्छ कोरडी वैरण थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. पाणीही एकदम पोटभर न देता टप्प्याटप्प्याने. पेंड व भरडा मागाहून, मूठमूठ वाढवीत. कोठीतील जंतूंची वस्ती नव्या चाऱ्यास सरावण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. ही मुदत कोणाच्याही उदारपणाने कमी होत नाही. धान्य अधिक खाल्लेले लक्षात आले तर धान्य तत्काळ बंद करून पशुवैद्यास बोलवावे. तो येईपर्यंत कोरडी वैरण पुढे ठेवावी. पशुवैद्य क्षार देतात, आणि कित्येकदा निरोगी जनावराच्या कोठीतील रस काढून आजारी जनावरास पाजतात. वस्ती उजाड झाली तर बाहेरून कुळे आणून बसवावयाची, असाच हा प्रकार.

आडव्या पडलेल्या जनावराविषयी एक गोष्ट येथेच सांगतो. आंबवणीत वायू सतत होत असतो व जनावर तो ढेकरेने टाकते. सपाट कुशीवर पडलेल्या जनावरास ढेकर देता येत नाही. वायू कोंडून छातीवर दाब येतो व ते गुदमरते. म्हणून पडलेल्या जनावरास दोन्ही बाजूंनी पेंढ्याचे भारे लावून छातीवर बसते करावे. मालमोटारीतून जनावरे नेताना तर हे अवश्य पाहावे. यास खर्च काहीच नाही, लक्ष मात्र लागते.

आता आपल्या पेंढ्याकडे येतो, कारण आपणाजवळ देण्याजोगा माल तोच आहे. त्याची खरी किंमत स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, जरी त्यामुळे कोणा पेंढ्याच्या व्यापाऱ्यास वाईट वाटले तरी. भाताचा पेंढा ही वैरणीतील हलकी जिन्नस आहे. त्यात प्रथिने शंभरात तीन-चार भाग. कोठीतल्या जंतूंस नीट वाढावयास निदान सात भाग तरी लागतात. त्यात वाळूच्या जातीची सिलिका पुष्कळ, म्हणून काडी खरखरीत व पचण्यास जड. कॅल्शियम असले तरी बरेचसे ऑक्झॅलेटने बांधलेले, आणि फॉस्फरस अगदी कमी. नुसता पेंढा खाणाऱ्या जनावराच्या कोठीत काडी फुटत नाही, म्हणून पुढे सरकत नाही, म्हणून नव्या घासास जागा होत नाही. पोट टम्म दिसते व जनावर आत वाळत जाते. कोकणातले लहान चणीचे गुरू, ज्याची कोकण कपिला या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे, ते या पेंढ्यावर व रानातल्या चरणीवर निभावते. घाटावरच्या थोर अंगाच्या, ज्वारीच्या कडब्यावर वाढलेल्या खिल्लार बैलास तो पेंढा पहिल्या दिवशी तोंडीही लागत नाही. मग छावणीत बोलवा उठते की कोकणच्या लोकांनी टाकाऊ माल पाठविला.

यावर उपाय आहे, आणि तो शेतकऱ्याच्या घरी असलेल्या खताच्या पोत्यात आहे. जंतूंस नत्र हवा. तो प्रथिनांच्याच रूपाने हवा असा त्यांचा हट्ट नाही. फिनलंडचे शास्त्रज्ञ व्हिर्तानेन, ज्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, यांनी पुढे १९६० नंतरच्या वर्षांत अशा गाई पाळून दाखविल्या की ज्यांच्या अन्नात प्रथिने जवळजवळ नव्हती, नत्र केवळ युरियाचा व अमोनियाच्या क्षाराचा होता. तरी त्या गाईंनी दूध दिले. याच तत्त्वावर पेंढ्यास युरियाची प्रक्रिया करतात. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, पेंढ्याचे थर देत, प्रत्येक थरावर शिंपडत व तुडवीत जावे. वरून ताडपत्री घालून कडा मातीने दाबून एकवीस दिवस बंद ठेवावे. आत अमोनिया वायू होतो. तो काडी नरम करतो व थोडा तीत मुरतो. उघडल्यावर लागेल तेवढा पेंढा काढून काही तास वारा लागू द्यावा व मग घालावा. प्रथिनांचा आकडा तीन-चारावरून सात-आठाच्या घरात जातो आणि जनावर तोच पेंढा अधिक खाते.

युरिया हे विषही आहे, हे मी या सभेत दोनदा सांगणार आहे, त्यापैकी ही पहिली वेळ. पाण्यात विरघळलेला युरिया जनावर प्याले, किंवा खडे तसेच चाटले, तर कोठीत अमोनिया एकदम सुटतो. जनावर थरथरते, फुगते व थोड्या वेळात मरते. सहा महिन्यांखालील वासरास हा पेंढा मुळीच घालू नये. वासरू दूध पिते तेव्हा ते दूध एका पन्हळीतून कोठी टाळून थेट खऱ्या पोटात जाते. त्याची कोठी अजून वसावयाची असते. घोड्यास नाही. उपाशी पोटी आलेल्या जनावरास पहिल्या आठवड्यात नाही. आणि शिंपडण्याचे काम पोरासोरांवर सोपवू नये. ज्यांस एवढी जोखीम नको त्यांच्यासाठी आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० नंतरच्या दशकात युरिया, मळी व खनिजे यांच्या चाटण-विटा प्रचारात आणल्या. वीट कठीण असल्याने जनावर ती हळूहळू चाटते आणि जंतूंस नत्र दिवसभर थोडा थोडा मिळतो. माझ्या मते दूरच्या छावणीकरिता एक मालमोटार पेंढ्याबरोबर काही पेट्या विटांच्या धाडणे हे दोन मालमोटारी नुसत्या पेंढ्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

महाराष्ट्रात २०१२-१३ व पुन्हा २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या मोठ्या प्रमाणावर चालल्या. पश्चिमेकडील साखर कारखान्यांचा मुलूख जवळ असल्याने तेथे ऊस व उसाचे वाढे हाच मुख्य चारा झाला. २०१९ साली मोठ्या जनावरामागे हिरव्या चाऱ्याचे प्रमाण दिवसाला १५ किलोवरून १८ किलो करण्यात आले. ऐकावयास १८ किलो पुष्कळ वाटते. परंतु हिरव्या चाऱ्यात पाऊण हिस्सा पाणी धरले तर कोरडा अंश साडेचार किलोच उरतो. साडेतीनशे किलो वजनाच्या जनावरास नुसते जगण्यास सुमारे सात किलो कोरडा अंश हवा. तूट अडीच किलोची. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट असते. महिनोन्‌महिने त्यावरच ठेवलेल्या जनावराच्या हाडातला चुना झिजतो, म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला देतात. ही अडीच किलोची तूट हाच आपल्या पेंढ्याचा खरा हिशेब आहे. पेंढा मुख्य अन्न म्हणून नव्हे, तर रसाळ चाऱ्यास कोरड्या काडीची जोड म्हणून जावा. त्याने रवंथ होते, लाळ सुटते, कोठी ठिकाणावर राहते. एक हजार जनावरांच्या छावणीस तीन महिन्यांकरिता ही तूट २२५ टन भरते. हा आकडा व्यापारी मंडळींनी टिपून घ्यावा. दुष्काळी ज्वारीचा कोवळा खुरटा फुटवा कापून तूट भरू पाहणाऱ्यांस मात्र आवरले पाहिजे. त्यात किराळ असते. कोठीतले जंतूच त्यातील विष झटकन मोकळे करतात, आणि जनावर गव्हाणीशीच कोसळते.

आता पाठविण्याविषयी. पेंढा हलका व फुगीर. मालमोटार वजनाने भरण्याआधी आकाराने भरते, आणि भाडे मालाच्या किमतीवर जाते. म्हणून यंत्राने दाबून गठ्ठे करणे परवडते. परंतु गठ्ठा तारेने बांधू नये. गाय अन्न निवडून खात नाही. तारेचा तुकडा वा खिळा काडीबरोबर गिळला जातो आणि वजनामुळे जाळीपोटात जाऊन पडतो. त्या पोटाच्या व हृदयाच्या मध्ये एक पातळ पडदा तेवढा आहे. कोठीच्या प्रत्येक ढवळण्याबरोबर तार पुढे रुतत जाते, आणि छावणी उठून गेल्यावर, पाऊस पडल्यावर, जनावर घरच्या दावणीला मरते. त्याचा दोष कोणी आपल्या गठ्ठ्याकडे लावणार नाही, म्हणून तर अधिक जपले पाहिजे. काथ्याची वा पेंढ्याचीच वळलेली दोरी वापरावी. प्लॅस्टिकची सुतळीही नको. ती कोठीत न फुटता गुंडाळत राहते व पुढची वाट अडविते.

भिजका व बुरसटलेला पेंढा तर उघडूच नये. खारेपाटाच्या बांधास उधाणात खांड पडली की खारे पाणी खळ्यापर्यंत येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर पेंढा भिजणे म्हणजे काय हे कोणास सांगावयास नको. कोठीतील जंतू काही बुरशीची विषे मारतात, सर्व नाही. उत्तरेकडे भातपट्ट्यात बुरशीच्या पेंढ्यावर राहिलेल्या म्हशींचे कान, शेपटी व खुरांवरचे कातडे सडून गळण्याचा रोग प्रसिद्ध आहे. असा पेंढा खड्ड्यात घालून खत करावे. तो ‘दुष्काळात चालेल’ म्हणून पाठविणे हे पाप आहे.

आणि वेळ. भाताची झोडणी आटोपून पेंढा उडव्यांत लागतो तो दिवाळीनंतर. त्या दिवसांत तो स्वस्त असतो, नंतर आंब्याच्या पेट्या भरण्यास, राबास व गोठ्यांस जातो आणि फाल्गुनात भाव चढतो. परतीचा पाऊस चुकला हे घाटावर ऑक्टोबरातच कळलेले असते. तरी वर्गण्या जमतात त्या चैत्र-वैशाखात, वर्तमानपत्रांत हाडांच्या सापळ्यांची चित्रे आल्यावर. तोपर्यंत कोठीपोटे उजाड झालेली असतात, आणि मग किलोमागे जेवढे वाचावे तेवढे वाचत नाही. युरियाची प्रक्रियाही एकवीस दिवस मागते. म्हणून माझी विनंती अशी की ज्यांची शेते आहेत त्यांनी झोडणीच्या वेळीच उडवीचा एक हिस्सा समितीच्या नावे बाजूस काढावा व तो उंच जागी, खाली फळ्या वा झाप घालून रचावा. ज्यांची वखार आहे त्यांनी पावसापूर्वीपर्यंत एक कोपरा द्यावा. मालमोटारीच्या मालकांनी पौष-माघातील परतीच्या रिकाम्या फेऱ्या सांगून ठेवाव्यात. रोख देणाऱ्यांनी आपल्या पावतीवर ‘ताडपत्री, चाटण-विटा व खनिज मिश्रण’ असे लिहून घ्यावे, कारण पेंढा मागणारे पुष्कळ असतात, या तीन जिनसा कोणी मागत नाही. आणि युरियाची पोती पेंढ्याच्याच मालमोटारीत उघडी टाकू नयेत; ती वेगळी, तोंड शिवून, वर ‘विष’ असे ठळक लिहून जावीत. हे मी दुसऱ्यांदा सांगतो आहे.